कुमुद आत्याचे गुरुवार

आधीच कबूल करते, या ग्रुपवर मी दोन वर्षं आहे ती फक्त हसायला. तुमचे गूढ अनुभव मी नवऱ्याला, अभयला, मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघं खिदळायचो. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर टेस्टर. कुणी 'असं असं झालं' म्हटलं की माझं पहिलं वाक्य असतं, 'पुन्हा करून दाखव.' आता माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे, आणि मला काही पुन्हा करून दाखवता येणार नाही. तेव्हा हसा खुशाल. तुमच्या जागी मी असते तर हसलेच असते.

आम्ही न्युरेम्बर्गला राहतो, शहराच्या दक्षिण भागात. आउफसेसप्लाट्झ स्टेशनला यू-बान मेट्रोतून उतरलं की चालत सात मिनिटं. तिसरा मजला, लिफ्ट नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये माझी एल्टर्नत्साइट, म्हणजे पालकांना मिळणारी रजा, संपली. ईरा तेव्हा अकरा महिन्यांची होती, आणि कीटामध्ये, म्हणजे पाळणाघरात, तिला जागा मिळणार होती सप्टेंबरपासून. मधले महिने काय करायचे? इथल्या प्रत्येक मराठी घरात याचं उत्तर एकच — भारतातून कुणाला तरी बोलवायचं. तीन महिने आई, तीन महिने सासूबाई, असा नव्वद-नव्वद दिवसांच्या व्हिसाचा रिले चालतो. माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली. सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. मग उरली कुमुद आत्या.

कुमुद आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. आईनंतर तिनेच मला वाढवलं. आली तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, पण तीन जिने न थांबता चढायची, आणि वर पोचल्यावर मलाच म्हणायची, "दम लागला का गं तुला?"

तरुणपणी ती मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधल्या एका परदेशी शिपिंग कंपनीत स्टेनो होती. साठीच्या दशकातली मधली वर्षं. तिथे फिलोमिना नावाची वांद्र्याची मैत्रीण होती, तिने आत्याला रॉक अँड रोल शिकवलं. कुठे, तर ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये, जेवणाच्या सुट्टीत! दोन्ही बाजूंना फायलींचे रॅक, मधे जेमतेम दीड हात जागा. कोपर जरा बाहेर गेलं की धाडकन फायली अंगावर. फोर्टच्या फुटपाथवर जुनी अमेरिकन मासिकं मिळायची, त्यातला एक फ्रॉक बघून तिने वांद्र्याच्या शिंप्याकडून तसाच शिवून घेतला. बाटलीसारखा हिरवा, त्यावर पांढरे ठिपके, खाली कडक कॅनकॅन. तो घालून ती एकदाच, ख्रिसमसच्या डान्सला गेली. आजोबांना कळलं. ते ओरडले नाहीत, मारलं नाही, फक्त महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. त्यानंतर ती कधी गेली नाही. हे सगळं ती हसत हसत सांगायची, म्हणून मलाही ते नेहमी गमतीचंच वाटलं. तिच्याकडे त्या काळाचं उरलं होतं काय, तर एक मांजरडोळी चष्म्याची फ्रेम. काचा बदलायची, फ्रेम नाही.

इथे आल्यावर तिला एक भलतंच सापडलं. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत सूचनांचा फळा आहे, त्यावर एक पोस्टर होतं. घेरदार स्कर्टमधली मुलगी, लांबलचक अमेरिकन गाडी आणि मजकूर — पन्नाशीच्या दशकातली नाचाची दुपार, दर गुरुवारी, तीन ते सहा. हॉल आमच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे. न्युरेम्बर्गमध्ये युद्धानंतर बरीच वर्षं अमेरिकन फौज होती. इथल्या म्हाताऱ्या लोकांनी त्यांच्या सोल्जर पोरांकडूनच ती गाणी आणि ते नाच उचलले. अमेरिका त्यातल्या बहुतेकांनी बघितलेली नाही, आत्यानेही नाही. पण अमेरिकेवर जीव सगळ्यांचा सारखाच.

आत्या पोस्टरचा फोटो काढून घरी आली. चेहरा असा की मला आजही आठवतो.

"मनू, एक गुरुवार सुट्टी घेशील? ईराकडे तू बघ. मी नुसती जाऊन येते. नाचणारसुद्धा नाही गं, बसून बघेन."

"आत्या, या वयात? पडलीस म्हणजे? तुझा तो ट्रॅव्हल इन्शुरन्स…"

"पडतेय कशाला! बसून बघणारे म्हटलं ना."

मी म्हटलं, बघू. पुढच्या आठवड्यात तिने परत विचारलं. मी म्हटलं, ऑफिसात रिलीज आहे. अभय म्हणाला, "अहो आत्या, मी घेतली असती सुट्टी, पण नेमकं याच महिन्यात…" जूनमध्ये तिने तिसऱ्यांदा विचारलं. मी ऑफिसातून वैतागून आले होते, ईराला ताप होता, सिंकमध्ये भांड्यांचा ढीग. आणि मी बोलून गेले —

"आत्या, तुला इथे नाचायला बोलावलंय का मी?"

ती म्हणाली, "खरंय तुझं," आणि ईराची खिचडी मिक्सरला लावायला गेली. मला तेव्हाच वाटलं होतं की उठून तिला मिठी मारावी. नाही मारली. लॅपटॉप उघडला. या वाक्याची लाज मला मरेपर्यंत वाटणार आहे.

जुलैमध्ये ती परत गेली. सप्टेंबरमध्ये पुण्यात तिच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. मी पाच दिवस जाऊन आले. तिच्याजवळ चोवीस तास राहायला सुनंदाताई ठेवल्या. नोव्हेंबरपासून पलंगावरून खाली उतरणंही बंद झालं.

आता हे नीट वाचा. त्या थंडीत मी दर शुक्रवारी फोन करायचे. आणि दर शुक्रवारी आत्या खुशीत असायची. एकदा म्हणाली, "काल पाय फार दुखले गं, पण गोड दुखणं." मी म्हटलं, "झोपून झोपून दुखणारच, डॉक्टरांना सांगू का?" ती नुसती हसली. आणि सुनंदाताईंची एक तक्रार असायची. "ताई, बाकी दिवशी रात्र रात्र जाग्या असतात. पण गुरुवारी साडेसातलाच झोपतात. हाक मारली, हलवलं, तरी उठत नाहीत. साडेदहाला आपोआप डोळे उघडतात आणि तांब्याभर पाणी पितात." मी म्हटलं, झोपतेय ना, झोपू दे. हिशेब तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आला नाही. आता तुम्ही करा. हिवाळ्यात पुण्याचे साडेसात म्हणजे इथले दुपारचे तीन. साडेदहा म्हणजे सहा.

फेब्रुवारीत, एका शुक्रवारी पहाटे ती गेली. मला तिकीट मिळेपर्यंत उशीर झाला. मी सगळं व्हिडिओवर बघितलं.

या फेब्रुवारीत वर्षश्राद्ध झालं. पुण्यात चुलतभावाने केलं. मला मात्र चैन पडेना. तिच्या नावाने काहीतरी करावं, आणि तिला जे मिळालं नाही त्याच्याच दारात जाऊन करावं, असं डोक्यात बसलं. म्हणून तिच्या पद्धतीने, तूप जरा जास्त घालून, बेसनाचे लाडू केले आणि गुरुवारी अर्धा दिवस सुट्टी टाकून त्या हॉलवर गेले. हो, सुट्टी मिळाली. एका ईमेलवर मिळाली. त्याचाही त्रास झालाच.

हॉल साधाच, एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर. वीस-पंचवीस म्हातारी माणसं, बायकांच्या कमरेला रुंद पट्टे, पुरुषांच्या केसांना तेल लावून काढलेले फुगे. दाराशी टेबलावर फ्राउ लिंडनर नावाच्या बाई बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या. मी डबा पुढे केला आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं — माझ्या आत्याला इथे यायची फार इच्छा होती, ती गेल्या वर्षी वारली, तिच्या आठवणीसाठी हे गोड आणलं आहे.

फ्राउ लिंडनरनी माझ्याकडे नीट बघितलं. मग खुर्चीवरून उठल्या.

"कुमुदची भाची!"

मी नाव सांगितलंच नव्हतं.

त्यांनी आत हाक मारली, दोघं-तिघं आले. कुमुद वारली म्हटल्यावर एका बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "म्हणून गेल्या फेब्रुवारीपासून आली नाही होय! शेवटच्या गुरुवारी सगळ्यांना मिठी मारून गेली होती." मी म्हटलं, तुमची गल्लत होतेय, ती इथे कधीच आली नव्हती. फ्राउ लिंडनर म्हणाल्या, "कशी आली नव्हती? नोव्हेंबरपासून एक गुरुवार चुकवला नाही." सोल्जर पोरांकडून शिकलेलं ह्यांचं इंग्लिश आणि आत्याचं स्टेनोचं इंग्लिश, म्हणे छान जमायचं.

माझ्यातला टेस्टर जागा झाला. म्हटलं, दुसरी कुणी भारतीय बाई असेल. दिसायला कशी होती? "हिरवा फ्रॉक, पांढरे ठिपके. वर टोक निघालेला चष्मा." म्हटलं, फोटो दाखवा. तर सगळे एकदम माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी चोरीच करायला सांगितली. डाटेनशुट्स! खासगी माहितीचं संरक्षण! हॉलमध्ये फोटो काढायला बंदी, तशी पाटीच आहे दारावर. अख्ख्या जगात पुरावा नसावा तर तो जर्मनीत, ते पण नियमाने.

मग हेर क्राउस म्हणून एक गृहस्थ पुढे आले. रिटायर्ड फिटर, उंचपुरे. म्हणाले, "मी साठ वर्षं नाचतोय. पण तिच्यासारखं कुणी बघितलं नाही. एवढा मोठा हॉल, आणि ती कोपरं अंगाला चिकटवून, एका रेषेत नाचायची. दोन्ही बाजूंना कपाटं असावीत तशी." आणि त्यांनी ते करून दाखवलं. वर स्वतःशी मोजत होते — मराठीत! "एक दोन, एक दोन, वळ गं." आमच्या स्वयंपाकघरात ईराला कडेवर घेऊन आत्या अगदी हेच म्हणायची.

मला खुर्ची दिली, पाणी दिलं. फ्राउ लिंडनर शेजारी बसल्या. म्हणाल्या, "मी तिच्यावर रागवायचे. बाहेर बर्फ आणि ही बिनकोटाची! तर म्हणायची, काही होत नाही, गाडीत हीटर आहे."

"कुठल्या गाडीत?"

"आल्झो, तर मग, मला तुम्हालाच विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकदाही आत का नाही आलात?"

त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. समोर रस्ता, झाडाखाली दोन गाड्या मावतील एवढी जागा.

"तिथेच तर थांबायचात तुम्ही. डोक्याला रुमाल, काळा चष्मा. तीन तास! मी इथून हात केला की तुम्हीही करायचात. कुमुद सगळ्यांना सांगायची, ती बघा माझी भाची. माझ्यासाठी दर गुरुवारी सुट्टी घेते. मी नको म्हणते, पण ऐकतच नाही पोरगी."

"आणि गाडी काय!" हेर क्राउस म्हणाले. "आकाशी निळी, मागे पंख, सगळीकडे क्रोम. असली अमेरिकन गाडी मी लहानपणी बघितली होती, त्यानंतर तीच."

आमच्याकडे गाडी नाही. कधीच नव्हती. मला चालवताच येत नाही, इथल्या लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन मी नाद सोडला. त्या प्रत्येक गुरुवारी तीन ते पाच मी मीटिंगमध्ये होते. घरी येऊन कॅलेंडर तपासलं. एकूण एक गुरुवार.

पण तेव्हा ती सगळी म्हातारी माणसं माझ्या उत्तराची वाट बघत होती, लाडू हातात धरून.

"पार्किंग मिळायचं नाही हो," मी म्हटलं.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" हेर क्राउसनी मान डोलावली. "एवढी लांब गाडी लावणार कुठे."

अभयने तीन दिवस डोकं खाजवलं. आत्याने पोस्टरवरून पत्र लिहिलं असेल, फोनवर ओळख झाली असेल, म्हाताऱ्यांच्या स्मरणशक्तीचं काय सांगावं… शेवटी तोही थकला. म्हणाला, "तिने तुला माफ केलं, एवढंच धर." मला नाही पटत. माफ करायला आधी राग यावा लागतो, आणि तिला तो आलाच नव्हता. पलंगाला खिळलेली बाई पुण्याहून इथवर आली कशी, ते मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर जरूर सांगा, मी हसणार नाही. मला छळतं ते वेगळंच आहे. एवढ्या लांब येताना तिने मलाही बरोबर घेतलं, मला गाडी दिली, रजा दिली, आणि चार लोकांत माझं कौतुक केलं. त्या हॉलमधली माणसं अजून समजतात की दर गुरुवारी मीच तिला तिथे आणत होते. त्यांना खरं सांगायला मी परत गेलेले नाही.