शेजारच्या पाद्र्यांची वाचा

आई आमच्याकडे परदेशात, डून लेरीला आली आणि दुसऱ्याच आठवड्यात परतीचं तिकीट मागू लागली. आम्ही दोघं नवरा-बायको सकाळी डार्टच्या लोकलने ऑफिसला जायचो आणि दिवसभर तिला बोलायला माणूस नसायचं. वऱ्हाडातल्या शाळेत पहिलीच्या पोरांना शिकवण्यात जिचं आयुष्य गेलं, तिला ही शिक्षाच होती. ठरलेले तीन महिने तरी तिने राहावं, एवढंच मला हवं होतं.

शेजारी एक निवृत्त अँग्लिकन पाद्री राहत. तरुणपणी ते पॅसिफिकमधल्या बेटांवर धर्मप्रसाराला गेले आणि तिथल्या भाषांच्या नादी लागले. "तिथले लोक आधीच ख्रिस्ती होते, माझ्याहून जास्त," असं ते सांगत. त्यांना घरी बोलावतो म्हटल्यावर आई म्हणाली, "नको बाप्पा. थो आपल्याले बाटवन."

तरी मी एका दुपारी त्यांना पाठवलंच. नवी भाषा शिकायची त्यांची जुनी रीत अशी, की मधे इंग्रजी आणायचं नाही. वस्तू दाखवायची, पाडायची, उचलायची, आणि समोरचा काय म्हणतो ते ऐकायचं.

संध्याकाळी आई हलक्या आवाजात म्हणाली, "बाबू, त्या म्हाताऱ्याची वाचा गेली काय रे? दुपारभर चमचा पाडे अन् माह्या तोंडाकडे पाहे."

"अगं, ते..."

"मी शिकवीन त्याले बोलाले. तू कोणाले सांगू नको."

तिकिटाचा विषय बंद झाला, म्हणून मीही गप्प बसलो. पाद्र्यांना मात्र सांगितलं. ते म्हणाले, बेटावरही मला खुळाच समजायचे. त्यामुळे लोक सावकाश बोलत.

पुढच्या महिन्यात चर्चच्या हॉलमध्ये त्यांचा सत्कार झाला. बिशपांनी त्यांना अंधारात दिवा नेणारा वगैरे म्हटलं. सत्कारमूर्ती बिस्किटांच्या ताटाकडे पाहत होते. मग ते उठले आणि अस्खलित इंग्रजीत बोलले. लोक पोट धरून हसले. माझ्या शेजारी आई ताठ झाली.

"याले तं बोलता येते."

"येतं, आई."

"अन् तुले ठाऊक होतं."

आता घरी गेल्यावर तिकीट काढावं लागणार, हे मी ओळखलं. तेवढ्यात पाद्री चहाचा कप घेऊन, बिशपांना तसंच सोडून, तिच्यापुढे येऊन उभे राहिले.

"बाई, रागावल्या काय? उद्या शाळा हाय न?"

आईने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. कप घेतला.

"हाय. पण उशिरा आला तं बाहेर उभा करीन."

मागून आलेल्या बिशपांनी मला विचारलं, त्या काय म्हणाल्या?

म्हटलं, त्या राहताहेत.