सिग्नल पडला होता

ही गोष्ट सांगायचं मी चाळीस वर्षांहून अधिक काळ टाळत आलो. गेल्या महिन्यात बोरगाव मेघेला शामराव वारले. शोकसभेत मला बोलायला उभं केलं, तेव्हाही मी वाफेच्या इंजिनांच्या चार आठवणी सांगितल्या आणि खाली बसलो. लोकांना भाषण आवडलं...

मी वर्धा स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होतो. शामराव इंजिन ड्रायव्हर, त्यांच्या बौद्धवस्तीतून त्या जागेवर पोचलेले पहिलेच. काळी इंजिनं आता मोडीत निघणार हे दिसत होतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी मी कॅमेरा घेऊन बल्लारशाच्या लाइनवर जाऊन उभा राही. रेल्वेच्या हद्दीत फोटो काढायला मनाई होती. आमच्यापैकीच कोणी सापडला तर नोकरीवर गदा. शामरावांना हे ठाऊक होतं. तरी मी दिसलो की ते फायरमनला कोळसा टाकायला सांगत आणि आभाळभर धूर सोडत माझ्यापुढून जात.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात हिंगणघाटच्या अलीकडे, एका लहान स्टेशनाबाहेरच्या सिग्नलपाशी मी असाच फोटो घेतला. त्यानंतर मिनिटभरात त्यांची पॅसेंजर रुळावर उभ्या मालडब्यांपासून चार हातांवर कशीबशी थांबली. कोणी मेलं नाही. पण स्टेशनवाल्यांनी सांगितलं, सिग्नल दिलाच नव्हता. शामराव म्हणाले, दिला होता. फायरमन कोळसा टाकत होता, त्याने पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी मी फोटो धुतला. वर धूर, मधे इंजिन, आणि उजव्या कडेला सिग्नलचा हात खाली पडलेला. हात पडला की वाट मोकळी. मी बराच वेळ पाहत राहिलो आणि मग कात्रीने ती कड कापली.

चौकशीच्या आदल्या दिवशी शामराव घरी आले. चहा घेतला नाही.

"भाऊ, फोटू कोनं काढला ते मी सांगत नाई. पण खरं सांगजा, त्यात सिग्नल आलता का?"

"नाई जी. इंजिनच आलं सारं."

"जाऊ द्या मंग," ते म्हणाले. जाताना फोटो मात्र मागून नेला.

चौकशीत त्यांनी माझं नाव घेतलं नाही. त्यांना यार्डात शंटिंगला टाकलं. मेन लाइनवर ते पुन्हा गेले नाहीत. वस्तीत लोक 'लाल बत्ती आली' म्हणून चिडवत. "थांबा मंग, बाप्पा," म्हणून तेही हसत. मला वाटे, माणूस सावरला. पण निवृत्तीच्या दिवशी यार्डातून बाहेर पडताना ते सहज म्हणाले, "माह्या डोयालेच धोका झाला असन, भाऊ. इतके लोक काऊन खोटं बोलतीन?" तेव्हा कळलं, नोकरीतली पायरी गेली ती गेलीच, स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वासही मीच काढून घेतला होता.

यंदा दिवाळीनंतर, ते जायच्या थोडं आधी, मी निगेटिव्हवरून अख्खा फोटो मोठा करून घेतला आणि बोरगावला गेलो. लिफाफा त्यांच्या हातात देऊन गप्प बसायचं, एवढंच ठरवलं होतं. फोटोच सगळं सांगेल. त्यांनी तो बाहेर काढला, बोटांनी चारही कडा चाचपल्या. साखरेच्या आजाराने त्यांची नजर केव्हाच गेली होती. मला कोणी सांगितलं नव्हतं.

"इंजिनाचा हाये का? धूर आला का चांगला?"

"लय चांगला आला," मी म्हणालो.

शामराव, सिग्नल पडला होता. तुम्ही बरोबर पाहिलं होतं. मी भ्यालो, मला माफ करा... एवढंच तोंडाने म्हणायचं होतं. सून चहा घेऊन आली. तो पिऊन मी उठलो.