हलक्या हाताचे सावे सर

दुबईत, देऱ्यातल्या एका भाषांतर कचेरीत मी रुजू झाले, तेव्हा २००८ ची मंदी दाराशी येऊन उभी होती. आम्हाला ते ठाऊक नव्हते एवढेच. समोरच्या टेबलावरचे गृहस्थ मान वर न करता म्हणाले, "बसा. घाई करू नका, चुका घाईतच होतात." हेच श्रीयुत प्रभाकर सावे. त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त आपल्या इथल्या मराठी मंडळाने हा ग्रंथ काढला आहे.

पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून चूक झाली. मुलांच्या वाढदिवसांना जादूचे प्रयोग करणारे एक सांगलीकर, आपल्या शाळेचे मराठी प्रशस्तिपत्रक घेऊन आले होते. त्यातल्या 'उत्तम जादूगार'चे मी इंग्रजीत 'सॉर्सरर' केले आणि कागद अरबी टायपिस्टकडे सरकवला. सरांनी तो मध्येच उचलला.

"सुनीताबाई, याचं अरबीत 'साहिर' होईल. म्हणजे जादूटोणा करणारा. इथे तो गुन्हा आहे. माणूस नोकरी मागायला आलाय आणि तुम्ही त्याला आत पाठवताय."

मग त्यांनी 'लेजरडमेन' हा जुना इंग्रजी शब्द लिहिला. त्याचा मूळ फ्रेंच अर्थ हलका हात. अरबीतही नेमके तेच म्हणतात, 'खिफ्फत अल-यद'. "आपणच तेवढे संशयी," सर म्हणाले. "आपण हातचलाखी म्हणतो आणि लगेच खिसा चाचपतो."

जादूगारांचे जुने इंग्रजी शब्द जमवणे हा सरांचा एकुलता एक षोक. मंदीत ऑफिसे बंद पडू लागली, तशी त्यांची व्हिजिटिंग कार्डे गठ्ठ्यांनी कचऱ्यात जाऊ लागली. सर ती उचलून आणत आणि कोऱ्या बाजूवर एकेक शब्द लिहीत. पुढे कुणा सेल्स मॅनेजरचे नाव, मागे 'ट्रेजेटूर', म्हणजे जादूगार. शब्दही गेला, मॅनेजरही गेला. 'जगलर' पूर्वी वस्तू गायब करी, आता नुसते चेंडू उडवतो. "शब्दांनाही नोकरी बदलावी लागते," असे सर हसत म्हणत. ही कार्डे बिस्किटांच्या डब्यात असत. घरी ती दाखवायला त्यांना कुणी नव्हते, म्हणून मला दाखवत.

पुढच्या वर्षी मालकांनी सांगितले की दोघांपैकी एकालाच ठेवता येईल. माझ्या नवऱ्याची नोकरी आधीच गेली होती. माझीही गेली असती तर व्हिसा गेला असता आणि मुलीची शाळा अर्ध्यावर सुटली असती. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "पुण्याच्या पुतणीनं बोलावलंय. आता पुरे झालं हे वाळवंट." मला सुटल्यासारखे झाले आणि मी त्यांना अधिक काही विचारलेसुद्धा नाही. जाताना त्यांनी डबा माझ्या हाती दिला. वरचेच कार्ड होते, 'हॉकस-पॉकस: निरर्थक बोल. लोकांनी तोंडाकडे पाहावे, हाताकडे पाहू नये, म्हणून बोललेले.' मी वाचले आणि झाकण लावले.

दीड वर्षाने एका दुपारी कामासाठी देऱ्याच्या धक्क्यावर गेले, तर एका माल पाठवणाऱ्याच्या गाळ्यात सर खोक्यांवरची लेबले लिहीत बसलेले. ते पुण्याला गेलेच नव्हते. कोकणातल्या सहा कामगारांबरोबर एका खोलीत राहत होते. मधल्या गणेशोत्सवात मंडळाच्या आरतीनंतर आम्ही सगळेच म्हणालो होतो की सावे सर आता पुण्यात मजेत असतील. सर तेव्हा तिथून फार दूर नव्हते. हे आठवले की मला आजही लाज वाटते.

"आणि पुतणी?" मी विचारले.

"आहे ना. कॅनडात. दिवाळीला फोन करते, इंग्रजीत बोलते."

सरांनी लगेच विषय बदलला. "'कॉन्जर'चं कार्ड आहे ना डब्यात? जादू करणं हा त्याचा नंतरचा अर्थ. आधीचा अर्थ शपथ घालणं. तर मी तुम्हाला शपथ घालतो, हे मंडळात कुणाला सांगायचं नाही. माझीच शपथ. मोडली तरी बिघडत नाही, माझ्यामागे रडणारं कुणी नाही."

सर आता साताऱ्यात एकटेच राहतात. इतकी वर्षे मी गप्प राहिले, पण ज्यांच्यामुळे माझ्या मुलीची शाळा सुटली नाही, त्यांच्या गौरवग्रंथात नुसते 'व्यासंगी' आणि 'मितभाषी' लिहून मोकळे होणे मला जमले नाही. आज मी ती शपथ मोडली आहे. आपल्याकडे शपथ घालणाऱ्यानेच 'सुटली' म्हणायचे असते, नाहीतर ज्याची शपथ त्याला बाधते. तेव्हा सर, हे वाचून झाले की तेवढे मोठ्याने म्हणा, आणि ठणठणीत प्रकृतीने शंभरी गाठा.

आणि एक दुरुस्ती. रडणारे कुणी नाही, हे तुमचे वाक्य चुकले होते. मी ते त्याच दुपारी, घरी परतताना बसमध्ये दुरुस्त केले आहे.