मावशींची सातची फेरी

मावशींनी आम्हाला नावानं कधी हाक मारली नाही. गावानं मारली. संध्याकाळी सातला अभ्यासिका बंद झाली की दारात शिट्टी फुंकायच्या आणि सुरू व्हायच्या, "नातेपुते, पिशवी उचल. वेळापूर कुटं हाय? अक्कलकोट, चप्पल घाल की." नातेपुते म्हणजे मी. आणि मावशी म्हणजे सोलापूरच्या आमच्या कॉलेजच्या सुरक्षारक्षक.

अभ्यासिकेपासून गेटपर्यंतची वाट वर्कशॉपच्या मागून जायची. तिथं एक दिवा धड नव्हता आणि बाहेरची पोरं मोटारसायकली लावून बसलेली असायची. म्हणून मावशी आम्हा मुलींना घोळक्यानं गेटपर्यंत सोडायच्या. खरं तर त्यांची ड्युटी सहालाच संपायची. विचारलं तर म्हणायच्या, "घरी जाऊन तरी काय, सिरियलच बगायची न्हवं?"

एकदा तिथं कुणीतरी घोळक्याआधीच एकटी निघालेल्या एका मुलीची ओढणी ओढली आणि दुसऱ्या दिवशी नोटीस लागली, मुलींसाठी अभ्यासिका पाचपर्यंतच. माझं डोकंच फिरलं. प्रॅक्टिकल पाचला संपायचं, सात रस्ता चौकाजवळच्या भाड्याच्या एका खोलीत आम्ही पाचजणी, तिथं कसला डोंबलाचा अभ्यास होणार? शेवटचं वर्ष पाण्यात गेलं असतं आणि वडिलांनी सरळ घरी नेलं असतं.

नोटीस वाचून मावशी थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये. आम्ही बाहेर कान लावून. "सर, दिवा न्हाय लावला कुणी आन् कोंडताय कुणाला? सातला एकदा तुमी चाला की आमच्यासंगं."

आणि सर आले हो. मध्यावर त्यांनी मोबाईलचा टॉर्च लावला. मावशी म्हणाल्या, "बंद करा सर. पोरींची बॅटरी सातपतुर संपलेली असती." टॉर्च बंद झाला, तोच अंधारातून शीळ आली आणि कुणीतरी ओरडलं, "कुठं निघाली वरात?" सर जागीच थांबले. मग गेटपर्यंत आमच्या घोळक्याच्या मधोमध चालले. आम्हाला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती.

आठवड्यात दिव्यांचे खांब आले, बाहेरच्या मोटारसायकली बंद झाल्या, नोटीस फाडली गेली. त्या संध्याकाळी मी सवयीनं दारात थांबले. मावशी म्हणाल्या, "माजी काय वाट बगती? जा की." गेले. एकटी. दोनदा मागं वळून बघितलं, पण लई भारी वाटत होतं.

मावशी गेल्या वर्षी वारल्या. मी आता त्याच कॉलेजात शिकवते. परवा सातला त्या वाटेवर एक मुलगी एकटीच, कानात इअरफोन घालून, गुणगुणत चालली होती. वाटलं, हाक मारून हिला मावशींबद्दल सांगावं. नाही मारली. तिला मागं वळून बघायला लावायचं नव्हतं मला.