अप्पांनी बदलून दिलेलं टायर

कळंबच्या बाजारपेठेत टायरवाल्या अप्पांकडे गेलं की ते आधी टायर दाखवत नसत. गिऱ्हाइकाला खाली बसवत आणि विचारत, "मागं कोण बसतं?" नवं लग्न झालेला गडी लाजायचा, दुसरा पेंडीचं पोतं सांगायचा. उत्तर येईल त्यावरून मागच्या चाकाचं टायर ठरे, आणि अप्पा मग दुसरं काढून देत नसत. पटत नसेल तर चौकात आणखी एक दुकान आहे, हेही तेच सांगत.

मी तेव्हा दूध संघात सुपरवायझर होते. गावोगावच्या दूध सोसायट्या तपासत हिंडायचं काम. भावाची बदली झाली आणि त्याची जुनी स्कूटर माझ्या वाट्याला आली. बाईमाणूस स्कूटरवर दिसलं की लोक हॉटेलातून बाहेर येऊन बघत. आमच्या वडिलांनी, आबांनी, एकच अट घातली होती, "एकदा पडलीस की गाडी इकली." निम्म्या गावांना एसटी दिवसातून एकदाच जायची, त्यामुळे गाडी गेली की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की स्थळं बघणं सुरू. मी जीव मुठीत धरूनच गाडी चालवायची.

त्यात दुष्काळ. रोजगार हमीवर फोडलेली खडी रस्तोरस्ती अंथरली होती, पण ती दाबायला पाणी कुठून आणणार? सगळी मोकळीच पडलेली. माझी दोन्ही टायरं गुळगुळीत झाली, तेव्हा आबा स्वतः माझ्याबरोबर अप्पांकडे आले. जुन्या टायरावर नवं रबर चढवलेली दोन सारखी रिट्रेड त्यांनी मागितली. म्हणाले, "बैल काय अन् टायर काय, जोडीनंच घ्यावं."

"बैल शेजारी चालतेत, आबा," अप्पा म्हणाले. "चाकं मागंपुढं चालतेत. त्यास्नी जोडी लागत न्हाय." मग माझ्याकडे वळले. "ताई, मागचं फुटलं तर गाडी हालती. पुढचं फुटलं तर माणूस पडतंय. मागचं लवकर झिजतंय म्हून सगळे नवं मागं घालतेत. तुमी ह्या खडीत नवं पुढं घाला. मागं रिट्रेड चालंल."

आबांना ते झोंबलं. पण पडायचं मला होतं, म्हणून मी अप्पांचं ऐकलं.

अप्पा मूळचे उमरग्याकडचे. नट आवळताना कानडीत मोजायचे आणि टायर पारखताना डोळे मिटून त्यावर तळहात फिरवायचे. चाक बदलायला त्यांनीच मला शिकवलं, तेही भर बाजारात, दुकानासमोर. पहिल्या खेपेला माझ्याकडून रिमच्या दोन भागांत ट्यूब चिमटली आणि बघे हसले. अप्पा शांतपणे म्हणाले, "तुमच्यातल्या तिघांची चिमटलेली ट्यूब म्याच काढलीया." नावं मात्र घेतली नाहीत. मला त्या माणसाचा फार आधार वाटायचा.

पुढं एकदा मी आबांना जनावरांच्या छावणीवर सोडायला निघाले होते. येरमाळ्याच्या वाटेवर मागचं टायर फुटलं. गाडी झोकांड्या खाऊ लागली, पण पुढचं चाक खडीत सरळ राहिलं आणि आम्ही न पडता थांबलो. मी स्टेपनी काढून चाक बदलायला बसले. आबा धोतराचा सोगा हातात धरून बघत उभे होते.

दोन दिवसांनी अप्पांनी निरोप धाडून बोलावलं आणि मागं कोरं करकरीत टायर चढवलं. म्हणाले, "माज्या हातचं फुटलं, म्हून बदलून दिलं." मग काय, मी सोसायटी-सोसायटीत अप्पांच्या सचोटीची दवंडी पिटली. ते मात्र वैतागायचे. "ताई, ते सांगत हिंडू नका." मला तो त्यांचा विनय वाटे, आणि मी आणखी जोरात सांगे.

आबा गेल्यावर काही वर्षांनी अप्पांची नजर अधू झाली. दुकान मोडून ते गावी लेकाकडे निघाले, तेव्हा मी भेटायला गेले. त्या टायराचे उपकार विसरणार नाही, असं मी पुन्हा एकदा म्हणाले. अप्पांनी मला खाली बसवलं.

"ताई, तुमच्याशी म्या एकदाच खोटं बोललो. ते टायर तुमच्या आबांनी घेतलं हुतं. फुटलं त्याच दिशी सांजेला आले. पोरीला सांगू नका म्हणाले."

मी विचारलं, "आणखी काही म्हणाले का?"

"कसलं द्यू, म्हून इचारलं म्या. तर म्हणाले, 'तुमाला कळतंय ते द्या, पर टिकंल असं द्या. तिला लई लांब जायाचंय.'"