मोरीच्या कण्याची चकती

डिसोजा सर गेल्याचा त्यांच्या सुनेचा फोन आला, तेव्हा मी ओरोसच्या एसटीत होते. तिकीट काढायचंही सुचेना. कंडक्टरने दोनदा विचारलं. या गोष्टीला आता महिना होईल.

नववीत सर आम्हाला जीवशास्त्र शिकवत. फळ्यावर पृष्ठवंशीय आणि अपृष्ठवंशीय असे दोन रकाने आखून ते एकेकाला प्राणी लिहायला बोलवत. मी मोरी, म्हणजे छोटा शार्क मासा, गांडुळाखाली लिहिला. आमच्याकडे लहान पोरांना पहिल्यांदा मोरीच भरवतात, कारण तिला काटा नसतो. काटा नाही तर कणा कुठला, हे माझं साधं गणित. "तारकर्लीच्या पोरीला मोरी कळेना!" सर हसत म्हणाले आणि वर्ग खो खो हसला. मी शाळा बंद केली. आईबरोबर बाजारात मासे विकायला बसणार, असं जाहीरही करून टाकलं.

चौथ्या दिवशी सर सायकलवरून दारात हजर. आईने घाईघाईने पान वाढलं. कालवण नेमकं मोरीचं! सर पोटभर जेवले आणि ताटातली एक चकती चाटूनपुसून बाजूला ठेवली.

"ती आमी मांजराक टाकतव, सर," आई म्हणाली.

"टाकू नकात, वैनी. माका व्हयी."

चकती धुऊन त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. बटणाएवढी, मधोमध खोलगट. "कुंदा, ह्यो कणोच. हाडाचो नाय, कूर्चेचो. पण तू असा कित्याक लिवलंस, ह्या मी इचारूक व्हया होता. हसलंय, ता चुकला."

मोठ्या माणसाने चुकलं म्हणून कबूल केलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. जाताना सरांनी चकती रुमालात बांधून नेली. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. आता तोच धडा मी शिकवते.

मागच्या वर्षी सरांचा फोन आला. धड्याची गोष्ट निघाली की ते एकदम पुस्तकी बोलत. "कुंदा, उत्क्रांतीत कूर्चा आधी, हाड मागाहून, असं मी शिकवलं ना? मोरीच्या पूर्वजांना हाड असावं, असे पुरावे आता सापडतायत. मुलांना सांग, सर चुकले होते." सांगते म्हटलं... आणि अभ्यासक्रम संपवायच्या घाईत राहूनच गेलं. याचं मला फार वाईट वाटतं.

परवा सुनेने सरांच्या टेबलावरची एक पत्र्याची डबी दिली. आत ती चकती, पिवळी पडलेली. खाली सरांच्या अक्षरातली चिठ्ठी : 'मोरीचा मणका. शंका काढणारी – कुंदा, नववी.'

सोमवारी डबी वर्गात फिरवली. फळ्यावर दोन रकाने आखले. मुलांना आधी माझी चूक सांगितली, मग सरांची.