राजाची अडीच घरं

पुण्याच्या स्पर्धेत मी ओळीनं चार डाव हरून आलो. त्यानंतरचे दोन महिने आठवले की मला अजून थकवा येतो. स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली असतील. ठाण्याच्या कचेरीतून डोंबिवलीला घरी यायचं, चहा घ्यायचा आणि बुद्धिबळाचा पट मांडून आपलेच हरलेले डाव वहीवरून पुन्हा खेळायचे. आपल्या चुका आपण शोधल्या की खेळ सुधारतो, असं कुणीतरी सांगितलं होतं. माझा काही सुधारत नव्हता. फक्त आपण किती वेंधळे आहोत हे रोज नव्यानं कळत होतं.

बायको समोर तांदूळ निवडत बसायची आणि वहीतली एकेक चाल वाचून दाखवायची. तिला खेळ मीच शिकवला होता, तोही नव्या, आंतरराष्ट्रीय नियमांनी. आम्ही जुने खेळाडू मात्र देशी नियमांवर वाढलेलो. स्पर्धा नव्या नियमांनी होऊ लागल्या तेव्हा आम्ही छापील कागद पाठ केला, एवढंच.

एका संध्याकाळी मला वीट आला. म्हटलं, आज जिंकलेला डाव काढू. पुण्याला जाणाऱ्या ठाण्याच्या संघात एकच जागा उरली होती, तिच्यासाठीचा तो डाव. समोर माजिवड्याचे एक म्हातारे गृहस्थ होते. साठी उलटलेली, घरची मिठागरं, आणि बाहेरगावच्या स्पर्धेत खेळायची ही त्यांची पहिलीच संधी. मी जिंकलो आणि पुण्याला गेलो.

अर्ध्या डावात बायको वाचायची थांबली. "अहो, हा राजा इथं कसा आला?"

"उडी मारून. अडीच घरं."

"राजा एकच घर चालतो ना? तुम्हीच सांगितलंत."

देशी खेळात राजाला शह बसण्याआधी एकदा घोड्यासारखी उडी घेता येते. नव्या खेळात येत नाही. मी सवयीनं घेतली, म्हाताऱ्यांनी सवयीनं चालवून घेतली आणि सहा पटांवर लक्ष ठेवणाऱ्या पंचांची नजर तेव्हा दुसरीकडे होती. मी उडीशिवाय तो डाव पुन्हा खेळून पाहिला. तिसऱ्या चालीला माझ्यावर मात होत होती.

"त्यांना सांगाल ना?" तिनं विचारलं.

आठवडाभर मी तिच्याशी धड बोललो नाही, जणू उडी तिनंच मारली होती. लाज वाटत होती आणि लाजेपेक्षा कंटाळा जास्त होता. कुठं त्या माजिवड्याला जायचं, काय सांगायचं. शेवटी रविवारी गेलो.

म्हातारे ओट्यावर बसले होते. त्यांनी ओळखलं, पाणी दिलं. मी म्हटलं, जरा पट मांडता का, एक दाखवायचं आहे.

"पट नाय आता. पावन्यांना देऊन टाकला," ते म्हणाले. "तुमच्यासंगतीचा डाव मी महिनाभर रोज मांडला. मना माजी चूक काय गावली नाय. ज्याला सोताची चूक गावत नाय, त्यानं खेलाचा कशाला?"

मग मला सांगणं भागच पडलं. पट नव्हता, म्हणून ओट्यावर बोटानं घरं आखून राजा कुठं होता आणि कुठं गेला ते दाखवलं. त्यांनी त्या घरांवरून स्वतःचं बोट एकदा फिरवून पाहिलं.

"खरा हाय," ते म्हणाले. "नव्या खेलात नाय चालत तसा. माज्या ध्यानातच नाय आला. मीबी तशीच उडी मारली असती."

"चूक माझी होती," मी म्हणालो. "तुम्ही डाव बरोबर खेळलात. जागा तुमची होती."

त्यांनी मान हलवली. राग दिसला नाही. दिसला असता तर मला बरं वाटलं असतं.

"पुन्याला काय झाला मग?"

"चारही हरलो."

"मीबी हरलोच असतो," ते म्हणाले. "पन जाऊन बसलो तं असतो."